नोकरी सांभाळून

गाण्याच्या कार्यक्रमात निवेदक वादकाची ओळख करून देताना एक वाक्य हमखास म्हणतो, "नोकरी सांभाळून त्यांनी ही कला जोपासली आहे." टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत कौतुक किती आणि कीव किती, हे बँकेत पस्तीस वर्षं काढून आणि तेवढीच वर्षं गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवूनही मला कळलेलं नाही.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे एक आयरिश संच. खूप वर्षांपूर्वी रात्री उशिरा 'बॅरी लिंडन' हा सिनेमा पाहिला होता. गोष्ट विसरलो, पण त्यातली एक संथ, उदास चाल डोक्यात राहिली. परवा ती फोनवर अचानक सापडली. अठराव्या शतकातली एक आयरिश कविता, तिला शॉन ओ रिआडा या आयरिश संगीतकाराने लावलेली चाल, आणि वाजवणारे 'द चीफटन्स'. मग दिवसभर घरात तेच. दुपारी सौ. म्हणाल्या, "अहो, सनईला सर्दी झाल्यासारखं काय लावलंय हे?"

उपमा अगदीच चुकीची नव्हती. ती होती इलन पाइप्स. इलन म्हणजे कोपर. स्कॉटलंडची मशकबाजा उभ्याने फुंकून वाजवतात. ही बसून वाजवायची आणि तोंड लावायचंच नाही. एका कोपराखाली भाता, दुसऱ्या कोपराखाली हवेची पिशवी, मांडीवर अखंड एकच सूर धरणाऱ्या तीन नळ्या, बोटं सुरावटीवर आणि मनगट आणखी भलत्याच किल्ल्यांवर. भाता दिसल्याबरोबर मला परमुलखात गाववाला भेटल्यासारखं झालं. आयर्लंडमध्ये म्हणतात की हे वाद्य वाजवणारा तयार व्हायला एकवीस वर्षं लागतात: सात शिकायला, सात सरावाला, सात वाजवायला. आमच्या बँकेत हेड कॅशियर व्हायलाही साधारण तेवढीच लागत.

या संचाचा म्होरक्या पॅडी मोलोनी ती पाइप्स लिओ राउसम या नामवंत वादकाकडे शिकला. पण दिवसा तो डब्लिनमध्ये बांधकामाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीत हिशेब लिहायचा. हे वाचलं आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. मायकल टब्रिडी बासरी वाजवायचा, पोटापाण्याला इंजिनियर. सहा भोकांची साधी पत्र्याची शिट्टी वाजवणारा शॉन पॉट्स टपाल खात्यात. मार्टिन फे फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचा. १९६२ साली ही मंडळी एकत्र आली. संचाचं नाव एका कवीच्या कथेवरून घेतलं, 'एका सरदाराचा मृत्यू' अशा अर्थाच्या. असं अशुभ नाव घेऊन संच जवळपास साठ वर्षं चालला! आपल्याकडे आधी गुरुजींना विचारलं असतं.

खरं श्रेय ओ रिआडा यांचं. तोवर हे संगीत एक तर शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी वाजायचं, नाहीतर नाचाच्या हॉलमध्ये. नाचणाऱ्यांना ठेका हवा, आवाज हवा. त्यामुळे केली बँडमध्ये, म्हणजे नाचाला साथ करणाऱ्या ताफ्यात, सगळे मिळून एकच चाल एकदमच वाजवत. ओ रिआडा यांनी लोकवादकांना जमवून 'क्योलतोरी खूलन' हा संच काढला आणि श्रोत्यांना सांगितलं, जरा बसा आणि ऐका. एक फिडल बोलेल, मग बासरी उत्तर देईल, मग सगळे. शेळीच्या कातड्याचा बौरान, आपल्या डफाचा सख्खा भाऊ, त्यांनी मानाने रंगमंचावर आणला. मोलोनी, पॉट्स, टब्रिडी, फे सगळे त्याच तालमीतले. मोलोनीने तीच कल्पना उचलली, आटोपशीर केली आणि पुढे नेली. ओ रिआडा १९७१ मध्ये ऐन चाळिशीत गेले.

चीफटन्सची पहिली तबकडी क्लॅडा रेकॉर्ड्सने काढली. दुसरी यायला १९६९ उजाडलं. का, ते कुठल्याही नोकरदार वादकाला विचारा. तालीम संध्याकाळी, कार्यक्रम सुट्टीच्या दिवशी, आणि वर्षअखेरीला हिशेब जुळत नसले की दोन्ही नाही. तबकड्यांना नावंही नाहीत: चीफटन्स एक, दोन, तीन, चार, पाच. अस्सल हिशेबनिसाचं काम, खातेवहीचे खंड लावल्यासारखं. सहाव्या तबकडीला कुठे नाव मिळालं. मोलोनी तेवढा १९६८ मध्ये सुटला, म्हणजे क्लॅडाचाच कारभार बघायला गेला. बाकीचे होते तिथेच.

या सगळ्यांत माझा लाडका डेरेक बेल. हा उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा, शिकलेला पाश्चात्त्य अभिजात संगीत, वाजवायचा ओबो, म्हणजे सनईच्या जातीचं वाद्य. तिथल्या एका ऑर्केस्ट्राचा तो व्यवस्थापक होता, म्हणजे वाद्यांची निगा आणि सूर जुळवणं त्याच्याकडे. हार्प हे उभ्या तारांचं वाद्य जुळवता जुळवता त्याला वाटलं, शिकूनच घेऊ. पुढे बीबीसीच्या उत्तर आयर्लंडमधल्या ऑर्केस्ट्रात तो ओबोही वाजवू लागला आणि हार्पही. स्टोअरकीपरने कोठारातल्या वीणेला तारा लावता लावता वैणिक व्हावं, तसंच हे. १९७०च्या दशकात तो चीफटन्सना येऊन मिळाला आणि टर्लो कॅरोलन या १७३८ साली वारलेल्या अंध हार्पवादकाच्या रचना संचात घुमू लागल्या. तेव्हा धर्म आणि राजकारणाच्या भांडणात बेलफास्टमध्ये बॉम्ब फुटत होते. हा आपला सूट-टाय घालून डब्लिनच्या मंडळींत हार्प वाजवत बसलेला.

मग आलं १९७५. सेंट पॅट्रिकच्या दिवशी, म्हणजे आयरिश लोकांच्या मोठ्या सणाला, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल यांच्यासाठी खच्चून भरला, आणि त्याच वर्षी संच पूर्णवेळ व्यावसायिक झाला. तेरा वर्षांनी! कोणी राजीनामा दिला असेल, कोणी बिनपगारी रजा टाकली असेल. मला राहून राहून कुतूहल वाटतं ते त्या अर्जांचं. 'कारण' या रकान्यात काय लिहिलं असेल? 'पत्र्याची शिट्टी वाजवायची आहे, कृपया मंजुरी मिळावी'? आणि साहेबाने त्यावर काय शेरा मारला असेल?

पुढचा इतिहास मोठा आहे, म्हणून भराभर सांगतो. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे डब्लिनला आले, तेव्हा फिनिक्स पार्कमधल्या दहा लाखांहून जास्त लोकांपुढे हे वाजवत होते. १९८३ मध्ये चीनच्या भिंतीवर वाजवलं. सहा ग्रॅमी मिळाले. केडी कोलमन या अंतराळवीर बाईंनी मोलोनीची शिट्टी आणि नंतर आलेल्या मॅट मॉलॉयची जुनी बासरी अंतराळस्थानकावर नेऊन वाजवली. बेल २००२ मध्ये अमेरिकेत असतानाच गेला, मोलोनी २०२१ मध्ये.

पण माझा जीव अडकतो तो त्याच १९७९ साली संच सोडलेल्या दोघांत, पॉट्स आणि टब्रिडी. गाजायला लागल्यावर चारच वर्षांत बाहेर! विमानं, हॉटेलं, घरी नसलेले सणवार. कारण काहीही असो, ते घाबरले असं मात्र मला वाटत नाही. दोघंही वाजवत राहिले. टब्रिडीने तर पुढे जुन्या आयरिश नाचाची पावलं टिपून त्यांचं पुस्तक केलं. इंजिनियर तो, पाय कुठे पडतो हे त्याने नीट कागदावर उतरवलं असणार.

अर्ज एकदा मीही लिहिला होता. बदलीची ऑर्डर आली त्या रात्री, सुवाच्य अक्षरात, तारखेची जागा मोकळी सोडून. दुसऱ्या दिवशी कॅश भरायला उशीर झाला आणि ते राहिलंच. कागद मात्र वाया गेला नाही. आमच्या हॉलमध्ये फरशी एका बाजूला उतरती आहे, पेटी डुगडुगते. त्याची चौघडी घालून तिच्या डाव्या कोपऱ्याखाली सरकवलीय.