दोन तास वजा

छापील कार्यक्रमात दुसऱ्या दिवसाची एक ओळ होती: ‘दुपारी ३.३०, नॅचरल ब्रिज.’ निघण्याआधी ती ओळ मी दहा वेळा तरी वाचली असेल, पण एकदाही खटकली नाही. टूर लीडर म्हणून अंदमानची माझी ती पहिलीच टूर. त्याआधी चार वर्षं मी फक्त डोंगरातल्या टूर केल्या होत्या. डोंगराचं बरं असतं, तो साडेतीनला जिथे असतो तिथेच साडेपाचलाही असतो.

नॅचरल ब्रिज म्हणजे नील बेटाच्या किनाऱ्यावरची दगडाची नैसर्गिक कमान. ह्या बेटाचं नाव २०१८ च्या अखेरीस शहीद द्वीप झालं. जेटीवर मात्र सगळ्यांच्या तोंडी अजून नीलच आहे. बेट जेमतेम चौदा चौरस किलोमीटरचं. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं गेलं, म्हणून आत सगळी शेतं, केळी, भाजीचे वाफे आणि बंगाली बोलणं. किनाऱ्यांची नावं थेट रामायणातली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. गाडीने कुठूनही कुठेही पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं. त्यामुळे एका दिवसात चार किनारे दाखवणं म्हणजे काहीच अवघड नाही, असं कागदावर दिसतं.

आदल्या रात्री जेवणाच्या वेळी मी चोवीस जणांना उद्याचा कार्यक्रम वाचून दाखवला. साडेतीनपाशी आल्यावर कोपऱ्यातून आवाज आला, “उद्या तिथी काय गं?”

त्या आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. वय शहात्तर, जन्म कोकणात खाडीकाठी, आणि सोबत कोणी नाही, एकट्याच आलेल्या. मी कॅलेंडर पाहून सांगितलं, कृष्ण तृतीया.

“तृतीया. तीनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे सव्वादोनला पूर्ण भरती. साडेतीनला तू आम्हाला दगडांवरून चालवत नेणार, तेव्हा दगड पाण्याखाली असतील. त्यात पुनवेला तीनच दिवस झालेत, अजून उधाण आहे. सकाळी जा. सव्वादोनातून सहा तास मागे ये, सव्वाआठला पाणी खाली असेल.”

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणातलं जुनं गणित मी पहिल्यांदाच ऐकत होते. तोंडी, कागद न घेता, बोटांच्या पेरांवर. मी भारावले. समोर बसलेले, बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, “कार्यक्रमात साडेतीन छापलंय, त्याचा काही विचार करूनच छापलं असेल ना?” मी आजींच्या बाजूने उभी राहिले. पूल सकाळी आठला, असं जाहीर केलं.

आता चूक सांगते. जेवणानंतर गाडीवाल्याला वेळ कळवायला गेले, तर तो म्हणाला, “मॅडम, ब्रिज देखना है तो छह बजे पहुँचो. आठ बजे मत जाओ.” मला वाटलं, ह्याला आठनंतर दुसरं भाडं असणार. फोनवर भरती-ओहोटीचा तक्ता काढायचा प्रयत्न केला, पण नेटवर्क नव्हतं, गोल चक्र फिरत राहिलं. मी फोन बंद करून झोपले. रोज तो किनारा बघणाऱ्या माणसापेक्षा बोटांच्या पेरांवरचं गणित मला जास्त विश्वासाचं वाटलं, कारण ते मला आवडलं होतं.

सकाळी आधी सीतापूर. हा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, सूर्योदयासाठी लोक इथेच येतात. अंदमानात फेब्रुवारीत पावणेसहाच्या आत-बाहेर सूर्य वर येतो, कारण घड्याळ आपलं भारताचं आणि बेटं पार पूर्वेला. आजी गुडघ्यांमुळे हॉटेलवरच थांबल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा पाणी खूप आत गेलेलं. खडकांचे काळे सपाट पाट उघडे पडले होते, त्यांच्या खळग्यांत पाणी साचून राहिलेलं. पाठीमागे पश्चिमेला तिजेचा चंद्र अजून चांगला वर होता. लोकांनी फोटो काढले. मी मनात म्हटलं, वा, आत्ताच इतकं आत गेलंय, म्हणजे आठपर्यंत तर काय बघायलाच नको. पाणी डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याच्याकडे बघून आदल्या रात्रीचं उत्तर वाचत होते.

(सीतापूरला एका ताईंच्या पिशवीतून प्रवाळाचे तीन तुकडे आणि एक मोठा शंख काढून परत वाळूवर ठेवायला लावले. मेलेलं असलं तरी प्रवाळ नेता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते येतं, आणि विमानतळावर बॅग तपासताना ते दिसतं. ताई दुपारपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.)

नाश्ता करून, आजींना घेऊन, पावणेआठला पुलाच्या, म्हणजे लक्ष्मणपूर दोन ह्या किनाऱ्याच्या वाटेवर उतरलो. गावकरी ह्या नैसर्गिक पुलाला हावडा ब्रिज म्हणतात. बंगालहून आलेल्यांनी दगडाची कमान बघितली आणि आपलं नाव देऊन टाकलं. खाली उतरलं की वाळू संपते आणि खडक सुरू होतो. मेलेल्या प्रवाळाचा, भोकाभोकांचा, कुठे धारदार तर कुठे शेवाळलेला. त्यावरून तोल सांभाळत कमानीपर्यंत जायचं. खळग्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, प्रवाळात रुतून बसलेले, निळ्या-जांभळ्या ओठांचे शिंपले. सांभाळून चाललं तर समुद्राचा तळ चपला घालून बघता येतो, अशी दुसरी जागा मी पाहिलेली नाही.

आम्ही खाली जात होतो, तेव्हा बाकीचे वर येत होते. हे माझ्या लक्षात आलं, पण मी त्याचा अर्थ ‘गर्दी कमी होतेय, बरं झालं’ असा लावला. एका स्थानिक गाइड पोराने मला थांबवून विचारलं, “अभी जा रहे हो?” मी म्हटलं, सव्वाआठला ओहोटी आहे ना. तो माझ्याकडे बघतच राहिला.

लोक कमानीकडे पांगले. आजी मात्र पहिल्याच मोठ्या दगडाला टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं दमल्या. जवळ गेले तर त्या पाण्याकडे बघत नव्हत्या, पाण्याच्या कडेच्या दगडांकडे बघत होत्या.

“दगड कोरडे आहेत गं,” त्या म्हणाल्या. “पाणी उतरत असलं ना, की जो दगड आत्ताच उघडा पडला तो ओला असतो. हे बघ, पाणी कोरड्या दगडाला लागतंय. हे चढतंय. माझं चुकलं. बोलाव सगळ्यांना.”

मी शिट्टी वाजवली. डोंगरातली सवय, गळ्यात शिट्टी असतेच. लोक कुरकुरत परतू लागले. कुणाचा फोटो राहिला होता, कुणाचा खेकडा. मी मोजत होते. बावीस. पुन्हा मोजले, बावीसच. बँकेतले काका आणि त्यांचा अकरा वर्षांचा नातू कमी होते. ते कमानीच्या पलीकडे गेले होते.

भरतीबद्दल एक गोष्ट मला त्या दिवशी पायांनी कळली. पाणी तासातासाला सारखं चढत नाही. ओहोटी पूर्ण झाल्यावर पहिल्या तासात ते जेमतेम हलतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात निम्मी भरती उरकून घेतं. खरी ओहोटी सहाच्या आसपास होऊन गेली होती आणि आता आठ वाजले होते. म्हणजे पाण्याने जोर धरायची जी वेळ, बरोबर तीच मी चोवीस जणांसाठी निवडली होती.

मी कमानीकडे निघाले तेव्हा वाटेतला सखल पट्टा घोट्याएवढ्या पाण्यात होता. कमानीपलीकडे काका आणि नातू एका खळग्यावर ओणवे होऊन समुद्रकाकडी बघत बसलेले, जगाचं भान नसलेले. शिट्टी त्यांना लाटांच्या आवाजात ऐकूच गेली नव्हती. “अहो, पाच मिनिटं,” काका म्हणाले. मी काय बोलले ते आठवत नाही, पण ते लगेच उठले.

परत येताना तोच पट्टा गुडघ्यापर्यंत भरला होता. गुडघाभर पाणी म्हणजे काही बुडण्यासारखं नाही. पण तळ दिसेनासा झाला की प्रत्येक पाऊल एखाद्या भोकात जाऊ शकतं, आणि लाट मागे जाताना पाय ओढते. तेवढ्यात तो मघाचा गाइड पोरगा हातात काठी घेऊन उलट्या दिशेने येताना दिसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याने नातवाला पाठीवर घेतलं आणि मला म्हणाला, “पैर उठाना नहीं, घसीटते हुए आओ.” तो काठीने पुढचं चाचपत चालला. त्याच्या मागे मी, माझ्या ओढणीचं टोक धरून काका. एकदा काकांचा पाय गेला. नडगी सोलवटली, एक सँडल वाहून गेली. वाळूवर पोचायला आम्हाला दहा मिनिटं लागली असतील. कितीही कमी लिहिलं तरी ती दहा मिनिटं कमी होत नाहीत.

नडगी धुऊन औषध लावलं. प्रवाळाचं खरचटणं चिघळतं, म्हणून ते दोन-तीनदा स्वच्छ धुवावं लागतं. काका गप्प बसून होते. मग म्हणाले, “साडेतीन लिहिलं होतं.” मी म्हटलं, “हो काका. बदललं मी.” आजी मध्ये पडू लागल्या, मी त्यांना हाताने थांबवलं. गणित त्यांचं असलं तरी माणसं माझ्या हवाली होती. गाडीपाशी गेल्यावर ड्रायव्हरने एक अक्षर काढलं नाही. दार उघडून धरलं, एवढंच. ते मला बोलण्यापेक्षा लागलं.

दुपारी भरतपूर. इथे मी कार्यक्रमाचा कागद बाहेरच काढला नाही. जेटीलगतच्या ह्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटी असतात. सरळ बोटवाल्याकडे गेले आणि विचारलं, कधी येऊ? तो म्हणाला, बाराला या, पाणी भरलेलं असतं, बोट प्रवाळाला घासत नाही. आम्ही बाराला गेलो. पांढरी वाळू, त्यापुढे फिकट हिरवं, मग एकदम गडद निळं पाणी. काचेखालून प्रवाळ आणि पोपटमासे सरकत होते. तिथली पांढरी वाळू बरीचशी ह्या माशांचीच देणगी. ते प्रवाळ चावून खातात आणि त्याचा चुरा बाहेर टाकतात. हे सांगितल्यावर नातवाने मुठीतली वाळू झटकून हात दोनदा धुतले, आणि काका सकाळपासून पहिल्यांदा हसले.

बोटीतून उतरल्यावर त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. हॉटेलच्या पावतीमागे गणित मांडलं. कोकण साधारण त्र्याहत्तर अंश पूर्वेला, आपण आत्ता त्र्याण्णवच्या जवळ. वीस अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे ऐंशी मिनिटं. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण चंद्र इथे ऐंशी मिनिटं आधी डोक्यावर येतो. “आजींचं गणित बरोबर आहे,” काका म्हणाले, “फक्त ते इथलं नाही. सव्वा तासाचा हिशोब लागला. उरलेला पाऊण-एक तास कुठे गेला?” उरलेला तास बहुधा समुद्राचाच. भरतीची लाट प्रत्येक समुद्रात तिथल्या आकाराप्रमाणे आणि खोलीप्रमाणे पुढे-मागे पोचते. आजी म्हणाल्या, “आमच्याकडेसुद्धा खाडीच्या तोंडाला एक वेळ असते आणि आतल्या गावाला वेगळी. मला सुचायला हवं होतं.”

मला मात्र दुसरंच काही सुचलं. इथे पौर्णिमेला आणि अमावास्येला ओहोटी दुपारी साडेतीनच्या सुमारास येते. कार्यक्रम आखायला जो कोणी आला होता, तो नक्की पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपास आला असणार. त्याने साडेतीनला पूल बघितला, त्याला आवडला, त्याने लिहून टाकलं. त्यानंतर तीच ओळ प्रत्येक टूरच्या कागदावर छापली गेली. पंधरा दिवसांतले दोन-तीन दिवस ती बरोबर असते. बाकीच्या दिवशी लोक गुडघाभर पाण्यापाशी उभे राहून ‘एवढंच होतं का’ म्हणत परत फिरत असतील.

संध्याकाळी लक्ष्मणपूर एक. पश्चिमेचा, लांबलचक, सपाट किनारा, काठाला झाडांची दाट रांग. सूर्य साडेपाचला बुडाला. ग्रुप चहाला वर गेला. आजी हलेनात. त्यांनी मला झाडाखालची एक काटकी आणायला लावली आणि पाण्याच्या अगदी कडेला रोवायला सांगितली. पाणी काटकी सोडून खाली गेलं, तशी दुसरी रोवायला लावली. मग तिसरी. अंधार पडला. मी मोबाइलचा टॉर्च धरून उभी. मागून लंगडत काका आले, एका पायात सँडल, दुसऱ्या पायात हॉटेलची स्लिपर.

चौथ्या काटकीपाशी पाणी थांबलं. बराच वेळ तिथेच पुढे-मागे होत राहिलं. मग एका लाटेने काटकीचं बूड भिजवलं, पुढच्या लाटेनेही भिजवलं.

“किती वाजले?” आजींनी विचारलं.

“सहा वीस,” काका म्हणाले.

“लिहून घे,” आजी मला म्हणाल्या. “तिथीची पाऊणपट, त्यातून सहा तास मागे. नील बेटावर आणखी दोन तास वजा. आणि खाली लिही, गाडीवाल्याला विचारावं.”