तुम्ही विचारलंत म्हणून: सोसायटी चालवून घेते का?

ब्लाऊज घालून बघायला आत गेलेली प्रत्येक दुसरी बाई पडद्याआडून हेच विचारते, "काकू, फ्लॅटमध्ये हे चालतं का हो? सोसायटी काही म्हणत नाही?" इतकी वर्षं मी तोंडात टाचणी धरून नुसतं "हं" करत आले. आता सांगूनच टाकते.

चालतं. राज्याच्या २०२० च्या विकास नियमावलीत राहत्या विभागात घरगुती व्यवसायाला मुभा आहे. शिवणकाम, भरतकाम तर नाव घेऊन लिहिलंय. शॉप अ‍ॅक्टखाली थोडीच माणसं असली की ऑनलाइन कळवलं की झालं. तेही केलंय. सगळे कागद साडीच्या एका खोक्यात आहेत.

तेच खोकं घेऊन मी कमिटीच्या मीटिंगला गेले होते. तक्रार खरं तर जिन्याखाली लागणाऱ्या स्कूटरींची, पण गाडी धंद्यावर आली. मी नियम वाचायला घेतला, चांगला ठणठणीत आवाजात. घरच्याच माणसांनी करायचा व्यवसाय, पगारी माणूस न ठेवता... आणि तिथेच अडखळले.

सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "मग रोज येते ती मुलगी कोण?"

ती दारातच उभी होती, घराची किल्ली द्यायला आलेली. हूक, काजं, फॉल, हातशिलाई सगळं तीच करायची, महिन्याच्या पगारावर.

मी म्हणाले, "भाची आहे माझी."

पुढे कुणी काही विचारलं नाही. तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली, अकरा ब्लाऊजना हूक लावले, आणि चपला घालताना म्हणाली, "काकू, आजपासून मावशी म्हणू की आत्या?"

महिना भरल्यावर आली नाही.

गाळा घ्यायचा होता, असं तुम्ही म्हणाल. डिपॉझिट कुठून आणू? आणि दुपारी सासूबाईंना कोण बघणार? तेव्हा मी मनाला समजावलं, खोटं बोलले ते तिचंच काम टिकावं म्हणून. तिचं की माझं? एका माणसाने कुणाला काय त्रास होणार होता, हे मात्र मी आजही विचारीन. तेव्हा मीटिंगमध्ये हेच विचारायला हवं होतं, ते सुचलं नाही.

हल्ली फॉल घेत नाही. परवा एक मुलगी काम मागायला आली होती. सोमवारी ये म्हटलंय.