वादळातल्या विजा मोजायच्या तर आधी केंद्र गाठा

मे महिन्यात सोलापूरवर चढणाऱ्या वळवाच्या ढगापुढे चक्रीवादळाच्या डोळ्याभोवतीची भिंत तशी मुकीच. वीज तयार व्हायला शून्याखालच्या थरात बर्फाचे स्फटिक, बारीक गारा आणि न गोठलेलं अतिशीत पाणी एकत्र लागतं. भिंतीतली हवा वळवाइतक्या जोरात वर चढत नाही; बरंचसं पाणी वर पोचण्याआधीच पाऊस होऊन गळतं. म्हणून तिथे विजा एकदम वाढल्या की लक्ष जातं, आणि 'वादळ जोर धरतंय' असा निष्कर्ष घाईने निघतो.

2009 मध्ये संशोधक प्राइस आणि सहकाऱ्यांनी 58 तीव्र वादळं तपासली. त्यांत विजांचा कळस कमाल वाऱ्याच्या साधारण 30 तास आधी दिसला. पण 2012 मध्ये डिमारिया आणि सहकाऱ्यांनी अटलांटिक व पूर्व पॅसिफिकच्या वादळांतल्या विजा केंद्राभोवतीच्या गोल कड्यांमध्ये विभागल्या, तेव्हा चित्र पालटलं. केंद्रापासून 200 ते 300 किमीच्या पाऊसपट्ट्यांत विजा वाढल्या तर पुढच्या 24 तासांत वादळ बळावण्याकडे कल. 100 किमीच्या आत उसळी आली तर बऱ्याचदा बळावणं संपत आलेलं. माझ्या मते नुसता एकूण आकडा देणारा आलेख बघूच नये.

भर अरबी समुद्रासाठी डब्ल्यूडब्ल्यूएलएलएन हे विजा टिपणारं जागतिक जाळं घ्या. दामिनी अ‍ॅपमागचे सेन्सर भारतातल्या जमिनीवरचे, दूर समुद्रापर्यंत त्यांची नजर नीट पोचत नाही. हवामान खात्याच्या मार्गनोंदीतून प्रत्येक विजेच्या क्षणी वादळाचं केंद्र कुठे होतं ते आधीच्या-नंतरच्या दोन नोंदींवरून हिशेबाने ठरवा, मग विजेचं त्या केंद्रापासूनचं अंतर मोजा आणि सहा-सहा तासांचे गट करा. वेळ दोन्हीकडे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळच हवी. एकीकडे भारतीय वेळ राहिली तर साडेपाच तासांत ताशी 15 किमीने चाललेलं वादळ 80 किमी सरकतं, म्हणजे 100 किमीचं कडं वायाच. वादळ लेचंपेचं असताना तर केंद्राचाच भरवसा नसतो. तेव्हा आतल्या कड्याचा आकडा सोडून द्यावा.

850 हेक्टोपास्कल (साधारण दीड किमी उंची) आणि 200 हेक्टोपास्कल (साधारण 12 किमी) या दाबपातळ्यांवरच्या वाऱ्यांचा फरकही काढा, वरच्यातून खालचा वजा करून. उत्तर गोलार्धात त्या फरकाच्या दिशेला तोंड केलं तर आतल्या विजा पुढे डावीकडे आणि बाहेरच्या पुढे उजवीकडे गोळा होतात. एकाच बाजूला गर्दी दिसली तर ती या फरकाची करामत असू शकते.

जाळ्याची नजरही सारखी नसते. विजेची जागा ठरायला जाळ्यातल्या किमान पाच सेन्सर-केंद्रांनी ती टिपावी लागते, त्यामुळे ढगातल्या ढगातल्या क्षीण विजा निसटतात. विजेच्या ज्या व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेच्या) रेडिओ लहरी हे जाळं टिपतं, त्या रात्री दूरवर पोचतात, दिवसा मंदावतात. वर्षागणिक सेन्सर-केंद्रंही वाढत गेलीत, म्हणून जुन्या-नव्या वादळांचे कच्चे आकडे शेजारी मांडू नका.

आपल्याकडची खास अडचण वळवाची. वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याला चिकटून असेल तर सोलापूर जेमतेम 300 किमीच्या आत येतं, आणि मोहोळकडचा दुपारचा गडगडाट बाहेरच्या कड्यात जमा होतो. जमिनीवरच्या विजा गाळाच, पण उरलेल्या समुद्राचं क्षेत्रफळ काढून दर चौरस किमीचा हिशेब ठेवा. नाहीतर वादळ किनाऱ्याकडे सरकेल तशा विजा उगाचच घटल्यासारख्या दिसतील.