करमतंय की!

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा

मुलं गेली. सासरे दुपारी गाडी घेऊन आले, चहा उभ्याउभ्याच प्यायले आणि "घाटात अंधार नको" म्हणत दोघांना घेऊन वाईला परतलेसुद्धा. वाईत सध्या कृष्णाबाईचा उत्सव चालू आहे. एकेका घाटावर पाळीपाळीने बसतो, आणि या आठवड्यात आमच्या आळीचा मान. म्हणून नातवंडं हवीत. उद्याची शाळा बुडाली तर बुडाली.

थोरल्याला उत्सवापेक्षा खंबाटकीच्या बोगद्याचं अप्रूप. बोगदा पुण्याकडे येताना लागतो, जाताना घाट चढावा लागतो, हे आजोबांनी तीनदा समजावलं तरी त्याचं तोंड वाकडंच. धाकटीने तर वळूनही पाहिलं नाही. आजोबांच्या खिशात गोळ्या असतात.

आणि मग आम्ही दोघं, मोकळ्या घरात, कुजबुजत जेवलो. खरंच कुजबुजत! नवऱ्याने बेडरूमचं दार नेहमीसारखं कडी न वाजवता लावलं. लावल्यावर लक्षात आलं, आत कोणी झोपलेलंच नाही. मग मी रात्री दहा वाजता मिक्सर लावून लसणीची चटणी केली. उगाचच. लावता येतो म्हणून.

शनिवार

पावणेसहाला जाग आली. डबा, पाण्याची बाटली, एक मोजा सापडत नाही, एवढं सगळं डोक्यात धावून गेलं आणि मग आठवलं. पुन्हा झोपले ती सव्वानऊला उठले. दुधाची पिशवी दाराच्या कडीला तशीच लटकत होती. चहा शेवटच्या घोटापर्यंत गरम लागला.

मंडईतून नवऱ्याने हरभऱ्याच्या चार जुड्या आणल्या. एरवी मी त्या आणूच देत नाही, कारण सोलणार कोण? आज दोघं जमिनीवर पेपर पसरून बसलो. सोलाणे सोलायला वेळ फार लागतो, बोटं हिरवी-आंबट होतात, आणि डोकं मात्र पूर्ण रिकामं असतं. अशा वेळी माणूस बोलतो. आधी शेजारचं बोलून झालं, मग त्याच्या ऑफिसातलं. मग मी म्हटलं, "हिंजवडीच्या त्या नोकरीचं मी काय कळवू?"

तो म्हणाला, "बघू."

धाकटी झाल्यापासून मी घरून लोकांची जीएसटीची रिटर्न्स भरते. जानेवारीत एका ऑफिसकडून पूर्ण वेळाची विचारणा आली. तेव्हापासून हा विषय आमच्या घरात सहा-सात वेळा निघालाय, आणि दर वेळी कुणीतरी पडलंय, कुणालातरी शी आलीय, नाहीतर थोरल्याने "हिंजवडी म्हणजे काय?" विचारलंय. मुलांसमोर आम्ही भांडत नाही. म्हणजे भांडतो, पण दबक्या आवाजात आणि इंग्रजीत. त्याचाही आता उपयोग नाही, थोरल्याला इंग्रजी कळायला लागलंय.

आज कोणी पडणार नव्हतं. मी म्हटलं, "तुझं बघू म्हणजे नाही." तो म्हणाला, "मी कधी नाही म्हटलं?" त्यावर मी २०२२ पासूनचे सगळे बघू काढले. त्याने माझं, सगळं मनात ठेवून एकदम बाहेर काढणं काढलं. आवाज चढले. चांगले चढले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी टीव्ही बंद केला असावा. मी मूठभर सोलाणे परत टरफलांत फेकले, आणि ते नंतर मलाच निवडावे लागले.

पाऊण तासाने कळलं ते असं: त्याला माझ्या नोकरीचा प्रश्न नव्हताच. सकाळी दोघांना आवरून व्हॅनपर्यंत न्यायचं त्याला जमेल का, याची त्याला भीती वाटते. वेण्या त्याला येत नाहीत. हे त्याला गेला महिनाभर सांगायचं होतं म्हणे. मला हसावं की टरफलं डोक्यावर ओतावी कळेना. काही ठरलं नाही अजून. पण भांडण शेवटपर्यंत झालं. पुरं भांडण होऊन किती दिवस झाले होते! अंग हलकं झालं.

आमटीत हिरव्या मिरच्या घातल्या त्या मोजल्या नाहीत. मुलांसाठी आधी बिनतिखटाची वाटी काढून ठेवायची आणि मग उरलेल्यावर घाबरत घाबरत तिखट टाकायचं, असा आमचा सात वर्षांचा स्वयंपाक. आज नाका-डोळ्यांतून पाणी येईस्तोवर जेवलो.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "करमतंय का गं?"

"नाही हो आई, घर नुसतं खायला उठलंय," मी म्हटलं. तेव्हा मी सतरंजीवर आडवी होते आणि ऑक्टोबरात घेतलेल्या दिवाळी अंकाचं वेष्टण फोडत होते.

रविवार

सकाळी व्हिडिओ कॉल. मेणवलीच्या घाटावर गेले होते सगळे. आजोबा घंटा दाखवत होते, चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आणल्या त्यांतली एक. थोरल्याचा प्रश्न, "मग त्यांनी परत नाही मागितली?" धाकटीचं तोंड स्ट्रॉबेरीने लाल. "आई, मी इथेच राहणार," असं सांगून ती पडद्यातून निघूनही गेली.

खरं सांगायचं तर मला मुलांची आठवण आली, पण तशी कमीच. आंघोळ करताना दार वाजलं नाही तेव्हा आली थोडी. इथे लिहितेय म्हणून लिहिते. मैत्रिणीला सांगितलं असतं तर तीही "हो ना, किती रिकामं वाटतं" म्हणाली असती, आणि आम्ही दोघी खोटं बोललो असतो.

फोन ठेवता ठेवता सासूबाई आतल्या खोलीत गेल्या बहुतेक, कारण आवाज एकदम बारीक झाला. "कालचं ते, करमत नाही म्हणालीस ना?"

"हो."

"दिवाळी करून तुम्ही सगळे पुण्याला गेलात की मीही फोनवर हेच म्हणते," असं म्हणून त्या हसल्या आणि "आले आले" करत कुणाच्या तरी हाकेला गेल्या.

दुपारभर मला ते आठवून हसू येत होतं. नवऱ्याला सांगितलं नाही.

संध्याकाळचे सहा. त्याने यूट्यूबवर वेणी कशी घालतात ते लावलंय आणि माझ्या जुन्या ओढणीच्या तीन पट्ट्यांवर प्रयोग चाललाय. वेणीपेक्षा ते सुंभ जास्त दिसतंय. दीर मुलांना सोडायला निघालेत. त्यांचा आत्ताच फोन आला, शिरवळ गेलं, बोगद्यात थोरला ओरडून घेतलाय. कालची आमटी वाटीभर उरली आहे, पण ती पोरांच्या तोंडी लागायची नाही. वरणाचा कुकर लावते.