थेंब

काल रात्री परत ‘गुजारिश’ लावला, मानेखाली लुळा पडलेला ईथन कोर्टाकडे मरण मागतो तो सिनेमा, आणि परत तिथंच अडकले. कोर्टात नाही. छत गळतं, थेंब त्याच्या तोंडावर पडत राहतो आणि रात्रभर कुणी येत नाही, तिथं. वीतभर सरकलं तरी भागलं असतं. पण तेवढं सरकवायलाही दुसरं माणूस लागतं.

मला कोण सरकवेल?

सिनेमा आयुष्याच्या मोलाबद्दल बोलतो आणि माझं मन कूस बदलण्यावर अडून बसतं. खिळलेल्या माणसाचा दिवस दोन-दोन तासांत मोजतात. माकडहाड, खुबा, टाचा, डोक्याची मागची बाजू. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेंगरते, रक्त पोचत नाही. लाल डाग बोटानं दाबायचा. दाबूनही फिका पडला नाही तर जखमेची सुरुवात झाली. सावळ्या अंगावर लाली कळत नाही, तिथं गरम किंवा टणक लागतंय का ते चाचपायचं. सरळ कुशीवर टाकायचं नाही, तीसेक अंशांत कलतं ठेवायचं. पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात.

आणि ओढायचं नाही. एकट्याला उचलणं झेपत नाही म्हणून तो ओढतो, आणि कातडी आतल्या आत फाटते. अंगाखाली आडवी चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं. दोघांनी! आपल्या खोल्यांत पलंग भिंतीला चिकटलेला, दुसरा उभा कुठे राहणार? हवेची गादी भाड्यानं मिळते, पण म्हणून कूस बदलणं चुकत नाही. जुलैत तर चादरी दमटच. आईच्या वेळी... जाऊ दे.

परळला, केईएम रुग्णालयात, तिथल्याच नर्स अरुणा शानबाग हल्ल्यानंतर नोव्हेंबर १९७३पासून मे २०१५पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. एवढ्या वर्षांत अंगावर शय्याव्रण, म्हणजे पडून राहून होणारी जखम, नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ७ मार्च २०११च्या निकालानं उपचार थांबवून मरू देण्याचं दार इतरांसाठी किलकिलं केलं, त्यांच्यासाठी नाही. सांभाळणाऱ्या नर्सेसना त्या जगायला हव्या होत्या. मोल म्हणतात ते हेच असेल तर ते दर दोन तासांनी कुणीतरी दोन हातांनी ठरवत होतं. वाचून धीर यायला हवा. मला उलट रडू आलं. मला कुठून मिळणार असा वॉर्ड?

शिवाय सिनेमातल्या ईथनला आजचा कायदाही उपयोगाचा नाही. त्याचा श्वास त्याचा स्वतःचा, बंद करायला यंत्रच नाही. इंजेक्शन देऊन मरण इथं आजही गुन्हा. ९ मार्च २०१८च्या निकालानं दिलं ते एवढंच, की बरं होण्याची आशा नसेल तर उपचार थांबवता येतात आणि तसं आधी लिहून ठेवता येतं. २०२३मध्ये ते सोपं केलं. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, ज्यांनी निर्णय घ्यायचा त्या जवळच्या माणसांची नावं. वेळ आली की उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ यांचं एक मंडळ, मग दुसरं मंडळ, शक्यतो ४८-४८ तासांत मत. भीष्माला एवढे कागद लागले नव्हते. पण त्याची कूस तरी कुणी बदलली?

तर दुपारी लिहायला बसले. यंत्राबद्दलचं दहा मिनिटांत झालं. नळीनं अन्न द्यायचं की नाही, यावर चहा गार झाला. साक्षीदार एक मिळाला. दुसरी सही खालच्या काकूंची घ्यावी, तर त्या आधी पोहे करतील, मग रडतील, मग विचारतील, फ्लॅट कुणाच्या नावावर? तेही बरोबरच आहे म्हणा.

कूस बदलण्याबद्दल त्या कागदात लिहायला जागा कुठंच नाही. शेवटी उठून पलंग भिंतीपासून दीड फूट पुढं घेतला. आता कपाटाचं दार अर्धंच उघडतं.