टेप लावून फ्युएल लाइनचा लीक थांबत नसतो

गाडी आत घेतली आणि बॉनेट उघडायच्या आधीच पेट्रोलचा वास. साठच्या दशकातली अमेरिकन व्ही-८, वर चार बॅरलचा (हवेच्या चार नळ्यांचा) हॉली कार्बोरेटर, त्याच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाऊलला (पेट्रोल साठणाऱ्या छोट्या टाक्यांना) पेट्रोल देणारी स्टीलची ड्युअल फीड लाइन. मालकांचं म्हणणं, लाइन नवी कोरी आहे, पण बसवल्यापासून गळतेय, ज्यांनी बसवली त्यांनी परत परत नट आवळून दिले, मग टेप लावून दिली, तरी तेच. बघितलं तर इनटेक मॅनिफोल्डवर ओला डाग आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर. म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी शेजारीशेजारी, आणि मालक अशी गाडी चालवत आणतायत! आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, फायर एक्स्टिंग्विशर जवळ ओढलं आणि म्हटलं, "साहेब, किल्ली माझ्याकडे द्या."

नटाचे कोपरे आवळून आवळून गोल झालेले, साध्या पान्यानं आले नसतेच, फ्लेअर नट स्पॅनर लावून काढले तर आट्यांत पांढरी टेफ्लॉन टेप, चांगली चारपाच वेढे. आता हे बघून माझं डोकं फिरतं ते का सांगतो. फ्लेअर जॉइंटमधे आटे नुसते दाबून धरायचं काम करतात, पेट्रोल अडतं ते पाइपचं फुलवलेलं तोंड, म्हणजेच फ्लेअर, आणि फिटिंगमधला शंकू एकमेकांवर बसतात तिथं. आट्यांवर टेप लावून फार तर थेंब उशिरा बाहेर येतो, बाकी काही नाही.

मग तोंड का बसत नाही ते शोधायचं. हाताखालचा पोरगा म्हणाला, "दादा, नवीनच तर दिसतंय." दिसतंय खरं. मी पाइपच्या तोंडाला आतून काळा मार्कर फासला, नट बेताचा आवळला, परत खोलला आणि टॉर्च मारला. नीट बसलेल्या फ्लेअरवर शाई सगळीकडून सारखी पुसली जाते आणि रुंद चकचकीत पट्टा दिसतो. इथं अगदी बाहेरच्या काठावर केसाएवढी रेघ, आणि तीही एका बाजूला तुटलेली. फ्लेअर ३७ अंशांचा मारलेला होता आणि फिटिंगचा शंकू ४५ अंशांचा! ३७ चं टूल एएन (मूळच्या विमानांच्या मापाच्या) फिटिंगसाठी असतं, ह्या कार्बोरेटरच्या ५/८ इंची नटाला ४५ चा डबल (काठ आत दुमडून दुहेरी केलेला) फ्लेअरच लागतो. आठ अंशांचा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही, पेट्रोलला बरोबर कळतो. असा जॉइंट कितीही आवळा, काठ चेपत जातो आणि एक दिवस पाइप चिरतो.

नवी लाइन ३/८ इंची स्टीलच्या पाइपची केली. कटरनं सरळ कापायची, आतली बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) काढायची, आणि नट आधी पाइपवर सरकवून मगच फ्लेअर मारायचा (हे लिहायची गरज नसावी, पण असते). मग बेंड. ह्यात मी घाई करत नाही, कारण दोन्ही टोकं दोन बाऊलमधे जाणार, म्हणून पाइप आपणहून जागेवर बसला पाहिजे आणि दोन्ही नट बोटांनी शेवटपर्यंत फिरले पाहिजेत. फिरत नसतील तर पाइप वाकवायचा, नटानं ओढून आणायचा नाही. आवळताना बाऊलची मोठी फिटिंग दुसऱ्या पान्यानं धरून ठेवायची, बाऊलचे आटे मऊ धातूचे, गेले की बाऊलच गेला. फिटिंगखालची गॅस्केट अर्थातच नवीन.

टेस्ट इंजिन चालू न करता. कॅनमधून छोट्या इलेक्ट्रिक पंपानं ५ पीएसआय दाब दिला, प्रत्येक जॉइंटखाली टिश्यू. सगळे कोरडे. पोरगा खूश, आणि तेवढ्यात मागच्या बाऊलच्या व्हेंटमधून (हवेच्या नळीतून) पेट्रोल भळाभळा कार्बोरेटरच्या घशात!

वरचा लॉक स्क्रू सोडून नीडल-सीट (बाऊल भरला की पेट्रोल बंद करणारी सुई आणि तिची बैठक) बाहेर काढलं तर नीडलच्या टोकाला पांढरा तंतू. टेपचा. फिल्टर लाइनमधे अलीकडे, टेप त्याच्या पलीकडे, मग तुकडा थेट नीडलवर जाणार नाहीतर कुठं. नीडल पूर्ण मिटत नव्हता, बाऊल भरून वाहत होता, आणि ते पेट्रोल थ्रॉटल शाफ्टच्या (कार्बोरेटरच्या खालच्या झडपेच्या दांड्याच्या) कडेनं बाहेर येऊन मॅनिफोल्डवर. म्हणजे आलेल्या डागातला निम्मा भाग लाइनचा नव्हताच, तो लीक बंद करायला लावलेल्या टेपचा होता. मालक बघतच राहिले.

दोन्ही सीट साफ केली, परत प्रेशर दिलं, कोरडं. मग बॅटरी जोडून इंजिन चालू, गाडी सपाट जागी, साइट प्लग (बाऊलमधली पातळी बघायच्या भोकाचं बूच) काढून पेट्रोल भोकाच्या खालच्या काठाला आणून फ्लोट (ती पातळी राखणारे तरंगे) सेट केले. पूर्ण गरम होऊ दिली, बंद करून थंड होऊ दिली आणि परत सगळे जॉइंट पुसून बघितले, कारण काही लीक गरमपणी दडतात आणि रबर आकसलं की दिसतात.

राहिला चेसिसपासून पंपापर्यंतचा रबरी होज. मालक म्हणाले तो राहू द्या, तो कधी गळला नाही. तिथं रबर लागतंच, इंजिन हलतं आणि चेसिस हलत नाही. मी फक्त वाकवून दाखवला, बाहेरून भेगा. त्यावर कसलीच रेटिंग छापलेली नाही, आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलपुढं जुनं रबर टिकत नाही. एसएई ३० आर ९ (पेट्रोलच्या होजचं एक मानक) छापलेला होज टाकला, क्लॅम्पही बदलले, आधीचे खाचेवाले क्लॅम्प होज कापत होते, आता गोल कडांचे आहेत. मालकांनी जुना होज डिकीत ठेवायला मागितला, स्पेअर म्हणून. मी दिला नाही, तिथंच कापून टाकला.