कुंडी नंबर ७

२५ जून, रात्री साडेदहा

लाइट दोनदा जाऊन आली, आता आहे तोवर लिहून घेते.

मृग कोरडाच गेला. आर्द्रा लागली त्या संध्याकाळी जो धो धो आला तोच यंदाचा पहिला खरा पाऊस, घरातले सगळे पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, टोबणीमागे लागले आणि मी मनातल्या मनात दिवस मोजत बसले, कारण माझ्या कुंड्यांतली रेन लिली पाऊस पडून गेला की तीन-चार दिवसांनी फुलते, उन्हाळाभर नळाचं पाणी कितीही घाला ती ढिम्म. आज सकाळी सपरीतून पाहिलं तर १९ फुलं. मोजली मी.

आनंद पंधरा मिनिटं टिकला. मग लक्षात आलं की यातली कोण कोणती हे मला सांगताच येत नाहीये.

मागच्या दिवाळीत मोठ्या हौसेनं तेलाच्या कॅनच्या पट्ट्या कापल्या होत्या, परमनंट मार्करनं नावं लिहून ३१ कुंड्यांत खोचल्या होत्या. परमनंट म्हणे! आपल्याकडचा मे महिना त्या मार्करवाल्यानं पाहिलेला नसणार. पट्ट्या पांढऱ्याफटक, काही तर हात लावला की पापडासारख्या मोडतात, आणि चार-पाच बकरीच्या पिल्लानं उपटून कुठं नेल्या देव जाणे. साध्या पेन्सिलीनं लिहिलं असतं तर उन्हात उडालं नसतं हे आता कळलंय, म्हणजे नेहमीसारखं उशिरा.

मे महिन्यात दुपारी कूलरपुढे पडून मी स्नोड्रॉपचे व्हिडिओ पाहायची. ते फूल आपल्या लिलीच्याच घराण्यातलं, ॲमॅरिलिडेसी, पण थंडीचं वेड असलेलं, तिकडे युरोपात जानेवारी-फेब्रुवारीत बर्फातून वर येतं. बाहेर तीन पांढऱ्या पाकळ्या, आत तीन आखूड, आणि त्या आतल्यांवर हिरवा ठिपका. लोक थंडीत गुडघे टेकून बसतात, एका बोटानं फूल वर करतात आणि ठिपका उलट्या व्हीसारखा आहे की दोन तुकड्यांत आहे ते बघतात. पानंसुद्धा बघतात, जमिनीतून निघताना दोन पानं एकमेकांना चपटी टेकलेली, की एकानं दुसऱ्याला गुंडाळलेलं, की कडा मागे दुमडलेल्या, त्यावरून जात कळते. जाती वीसेक, पण वाण हजारोंनी. २०२२ मध्ये 'गोल्डन टिअर्स' नावाचा एक कंद १८५० पौंडांना गेला. एक कंद! तेवढ्यात आमच्या दाराशी बरी बैलजोडी येते.

तर म्हटलं, आपणही तसंच करू. बाबांचा पेपर वाचायचा भिंग घेतला, मुलाची फूटपट्टी, आणि बसले चिखलात.

पांढरीला फूल नसतं तरी चाललं असतं, तिची पानं विणायच्या सुईसारखी जाड गोलसर, बाकीच्यांची चपटी. पिवळीही सोपी. गोंधळ सगळा गुलाब्यांचा. मोठी गुलाबी वेगळी, छोटी गडद गुलाबी वेगळी. छोटीचं फूल तीन सेंटिमीटरचं आणि आत गळ्याशी हिरवट झाक, मोठी तिच्या दुप्पट. एका ऑनलाइन नर्सरीवाल्यानं पीच रंगाची म्हणून पाठवलेली कुंडीही आज फुलली, साधी गुलाबी निघाली, त्याचे पैसे गेलेच.

आणि मग नंबर ७. फिक्कट गुलाबी दोन फुलं, बारीक गडद रेषा असलेली, पण बाकीच्या सरळ आभाळाकडे बघत होत्या आणि या दोघी मान तिरपी करून, जशी नवी नवरी फोटोत उभी राहते तशा. भिंगातून पाहिलं तर आतले सहा पुंकेसर एका उंचीचे नाहीत, एक एकदम आखूड, एक लांब, बाकीचे मधल्या मधल्या दोन मापांचे. बाकी कुंड्यांतल्या फुलांत असं नव्हतं. म्हणजे ही हॅब्रॅन्थस, रेन लिलीची जवळची नातलग. आता शास्त्रज्ञांनी तिला झेफिरॅन्थसमध्ये, म्हणजे बाकीच्या रेन लिलींच्याच गटात, घातलंय म्हणे, पण तिरपी मान काही त्यांनी सरळ केली नाही. मला इतका आनंद झाला की एकटीच हसले.

पण त्याच कुंडीत मागच्या बाजूला एक पिवळं फूल! पाच मिनिटं मी त्याच्याकडे बघत राहिले, म्हटलं आता काय नवीन.

तेवढ्यात आत्याबाई चहा घेऊन आल्या. "कावं, सकायपासून काय पाहून रायली त्या फुलायत?"

सांगितलं. त्या कठड्यावर टेकल्या, कुंडीकडं एकदा पाहिलं.

"हे तं दिग्रसवाली हाय. तुया मामेसासूनं देल्ली होती मले, पदरात बांधून आणली म्या."

"आणि ही पिवळी?"

"ते? ते आगाऊ हाय. तिचं बी उडते अन जिथं जागा भेटली तिथं घुसते."

बरोबर. पिवळीला बी धरतं भरपूर, काळं, कागदासारखं पातळ, वारा आला की शेजारच्या कुंडीत. मी तासभर भिंग लावून बसले होते आणि यांनी चहाचा कप खाली न ठेवता दोन्ही कोडी सोडवली. मग मी त्यांना सगळ्या कुंड्यांसमोर फिरवलं. पुसदची, एस्टी स्टँडमागच्या बाईची, लग्नाच्या आधीची म्हणजे त्यांच्या माहेरची. शास्त्रीय नाव एकही नाही, पण कुठून आली ते जवळजवळ प्रत्येकीचं पाठ. गंमत म्हणजे माहेरची आणि पुसदची या दोघी मला भिंगातूनही सारख्याच दिसल्या, माप तेच, गळा तोच. मी त्यांना एकच नाव लावणार होते. आत्याबाई म्हणाल्या पुसदची नेहमी दोन दिवस मागून फुलते. खरंच, तिला आज एकच फूल आणि बाकी नुसत्या कळ्या.

दिसण्यावरून नाव लावायची घाई करायची नाही, एवढं ठरवलं. कोल्ड्रिंकचे डबे कापून पट्ट्या केल्या, खिळ्यानं कोरलं. सात नंबरवर 'हॅब्रॅन्थस, दिग्रसवाली'. पिवळीचा कंद हिवाळ्यात वेगळा काढीन, आता मुळं दुखवायची नाहीत. नर्सरीवालीवर नुसतं 'पीच नव्हे'. कंद विषारी असतात म्हणून बकरीचं पिल्लू आता दोरीला बांधलंय, ते रात्रभर ओरडतंय.

बऱ्याच कुंड्या अजून फुलायच्याच आहेत. आर्णीकडं वीज चमकून राहिली. झोपायच्या आधी टॉर्च घेऊन एक चक्कर मारली, १४ नंबरमध्ये एक कळी लालसर वाटली, पण टॉर्चच्या उजेडात रंगाचं काही खरं नाही, आणि त्या कुंडीचं आत्याबाईंनाही आठवत नाहीये.